परातीतलं नाव

रंगनाथला एका शब्दाचं वेड होतं. शेवगावच्या पूर्वेला ज्या गावात तो हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा, तिथल्या गुराढोरांना सोडून सगळ्यांना हे ठाऊक होतं. शब्द साधा इंग्रजी होता, डेंटी. नाजूक आणि देखणं, दोन्ही एका दमात सांगणारा. संगमनेरला कॉलेजात असताना त्यानं तो पहिल्यांदा गहिनीनाथ सरांच्या तोंडून ऐकला. सर तो उच्चारताना अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमटीत जाईचं फूल धरल्यासारखं करायचे. रंगनाथनं शब्द उचलला तो चिमटीसकट.

मग काय, चिनीमातीचा कप डेंटी, सातवीतल्या पोरीचं अक्षर डेंटी, शेळीचं नुकतं जन्मलेलं करडू डेंटी. एकदा हेडमास्तरांच्या सहीला तो डेंटी म्हणाला, तर त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि आठवडाभर अबोला धरला. पोरांनी त्याचं नाव 'डेंटी सर' पाडलं. हॉटेलवाला सुद्धा कढईतून घाणा काढताना ओरडायचा, "या सर, आजची भजी डेंटी हायती!" रंगनाथ चिडायचा नाही. मनातून त्याला ते आवडायचं म्हणा ना. चोवीस-पंचवीसचं वय, नोकरी पक्की, आणि सगळ्या पंचक्रोशीत या एका शब्दाची मालकी आपल्याकडे, याचा माणसाला थोडा माज येतोच.

खरं सांगायचं तर त्या साली तिकडं डेंटी म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. सलग दुसरं वर्ष पावसानं तोंड फिरवलेलं. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं छावणीला गेली होती आणि चांगली पंधरा-वीस एकरवाली माणसंही दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनच्या दुकानात ज्वारीऐवजी लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना बायका त्या परक्या धान्याला मनसोक्त शिव्या घालायच्या.

अशा वर्षी, माघात, रंगनाथ पोरगी बघायला गेला.

बरोबर आई लंकाबाई आणि थोरली बहीण रंगुबाई. रंगुबाईला तो आक्का म्हणायचा. तिच्याच ओळखीतलं स्थळ होतं. मुलीचे वडील सहादेव पाथर्डीच्या अंगाच्या एका गावचे. बोलायला कमी आणि पाहुण्यांपुढे सारखे धोतराचा सोगा सावरणारे. त्यांनी दूध कुठून पैदा केलं देव जाणे, पण चहा दुधाचा आला. ट्रे घेऊन मुलगी आली. ट्रे ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या दोन्ही हात पदराखाली नेले. तेवढ्या क्षणात रंगनाथला तिचं मनगट दिसलं. बारीक, सावळं, हाड तेवढं उठून दिसणारं. मग बसल्यापासून उठेपर्यंत ते हात काही पदराबाहेर आले नाहीत.

"नाव काय?" लंकाबाईनं विचारलं.

"चांगुणा."

आवाजही हळू. रंगनाथच्या बोटांची आपोआप चिमटी झाली. लाजेनं हातसुद्धा न दाखवणारी मुलगी! त्यानं पुढं एकही प्रश्न विचारला नाही. सुपारी फुटली तेव्हा तो मनात गात होता.

एकच गोष्ट त्याला खटकली, नाव. चांगुणा! असं नाव घेऊन इंग्रजीच्या मास्तरची बायको गावात मिरवणार कशी? पण त्याला उपाय होता. लग्न होऊन नवरी घरी आली, की परातीत तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, ही चाल शिकल्यासवरल्या घरांतून आता खेड्यापाड्यांतही आली होती. स्टाफरूममधल्या झाडून सगळ्यांच्या बायका दोन नावांच्या होत्या. माहेरची भागूबाई ती सासरची सुहासिनी. रंगनाथनं एसटीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं: नाजुका. डेंटीला मराठीत याहून जवळचं काय मिळणार?

आक्काला त्यानं सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. "आरं, आपल्यात नाजूक म्हंजी आजारी," ती म्हणाली. "त्यान्ला वाटायचं, पोरीत खोट काढतूय."

"तुला नाही कळायचं, आक्का."

असं म्हटलं की आक्का पुढं बोलायची नाही. धाकट्या भावाच्या शिक्षणापायी तिनं स्वतःची शाळा चौथीत सोडली होती, आणि ते त्याच्या ध्यानात नसायचं.

लग्न वैशाखातलं धरलं. सुट्टी लागताच रंगनाथ आमंत्रणाच्या अक्षता घेऊन संगमनेरला गेला. गहिनीनाथ सर आता निवृत्त झाले होते. प्रवरेच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. टेबलावर उशीएवढी डिक्शनरी, आणि बाजूला एकट्या माणसाचा झाकून ठेवलेला डबा. रंगनाथनं पाया पडून अक्षता दिल्या आणि नाजुकाची हकिगत मोठ्या हौसेनं सांगितली.

सर हसले. "म्हणजे माझा शब्द तू थेट चुलीपर्यंत नेलास म्हण! पण बाबा, तो शब्द कुठून कुठून आलाय, ठाऊक आहे का?"

"नाही सर."

"मग बस." सरांनी डिक्शनरी जवळ ओढली, पण उघडली नाही. तिच्यावर नुसता हात ठेवला. "मूळ लॅटिन. तिथं त्याचा अर्थ लायकी, मान. एखाद्याच्या अंगी असलेली थोरवी. तिथनं तो फ्रेंच लोकांच्या घरी गेला, तिथं त्याचा आनंद झाला, आवड झाली. इंग्रजांनी घेतला तेव्हा पहिल्या पहिल्यांदा त्यांनाही मान ठाऊक होता. एखाद्याची कदर करायची, तर त्या कदरीला हाच शब्द. पण तेवढ्यात स्वारी स्वयंपाकघरात शिरली. डेंटी म्हणजे काय, तर राजाच्या ताटातला निवडक घास. निवडक म्हणून नाजूक, नाजूक म्हणून सुंदर. मग तो बायकांना चिकटला. पुढं तर ताटावर बसून नाक मुरडणाऱ्यालाही डेंटीच म्हणू लागले. आणि आता? लेसच्या हातरुमालाला शोभतो."

"वा!" रंगनाथ म्हणाला.

"वा काय? आधी मान, मग घास, मग शोभेची वस्तू. उतरणच आहे की ही." सरांनी चष्मा काढून पुसला. "मी तुम्हाला शेवटचाच अर्थ शिकवला. परीक्षेला तोच यायचा. बरं, त्या मुलीला विचारलंस का?"

"काय?"

"नाव बदलू का, म्हणून."

"सर, ते विचारत नसतात. परातीतच कळतं."

"हं," सर म्हणाले. "आमच्या हिलाही मी परातीतच सांगितलं होतं. जन्मभर तिनं त्या नावाला ओ दिली. शेवटी आजारपणात भ्रम झाला, तेव्हा मात्र त्या नावानं हाक मारली की बघायचीच नाही. माहेरच्या नावानं मारली की डोळे उघडायची." मग एकदम उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि पाण्याच्या टंचाईचा विषय काढला.

रंगनाथला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण लग्न तोंडावर आलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख किती वेळ पुरतं? नगरला एसटी बदलताना तो बाजारात शिरला आणि चुड्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आला. काचेवर सोनेरी बारीक नक्षी. दुकानदारानं माप विचारलं, तर म्हणाला, "मनगट पाहिलंय मी, सगळ्यात लहान द्या." खरं तर माप म्हणून मुलीची जुनी बांगडी आणायची रीत असते. पण ज्याच्याकडे नजर आहे त्याला जुन्या बांगडीची काय गरज!

त्या बांगड्या आणि साडी घेऊन आक्का मुलीच्या गावी गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. बांगड्यांचा डबा तिच्या काखेत तसाच होता. तिनं तो भावापुढं ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता खाली बसली.

"काय झालं?" लंकाबाई घाबरली.

"ह्याला इचार. ह्यानं डोळ्यानं माप घेतलंय न्हवं!" आक्कानं डब्याकडे बोट केलं. "तिच्या चुलतीनं, बनुबाईनं, बांगडी चढवायला घेतली. साबन लावला, तेल लावलं. मनगट ऱ्हायलं लांब, बांगडी हातातूनच फुडं सरंना. दोन साल झाली, पोर खडी फोडतीय. सांधं ह्ये एवढाले झालेत, तळवा फळीगत. बघायला गेल्तो तवा हात पदराखाली का हुतं, कळलं का आता? लाजंनं न्हवं. फोड झालेलं हुतं. बनुबाईनंच दटावलं हुतं, हात दावू नगं, पाव्हनं मोडतील म्हनून."

रंगनाथनं डबा उघडून बघितला.

"जोर केला तर बांगडी वाढवली," आक्का म्हणाली. चुड्याची बांगडी फुटली असं तोंडानं म्हणायचं नसतं. "समद्या बाया गप. त्यात मी शानी, वातावरन निवावं म्हनून नाव सांगून बसले, नाजुका ठेवनार म्हनून. बनुबाई रडायलाच लागली. ती पोर मातूर रडली न्हाई. काचा येचल्या, उरलेल्या बांगड्या डब्यात ठिवल्या, आन् मला म्हनली, त्यान्ला सांगा, ह्या बांगड्या ज्या बाईच्या हायती, तिचंच नाव नाजुका आसंल. मी चांगुणा हाय. त्यान्ला ती पायजे आसंल तर सुपारी माघारी घ्यावी. माजा राग न्हाई."

मग आक्का उठून रांजणाकडे गेली. लंकाबाई पोराकडे बघत राहिली. तो डब्याकडे बघत होता.

त्या रात्री रंगनाथला झोप आली नाही हे काही मोठंसं नाही. मोठं हे, की त्याला राग आला नाही. आधी लाज वाटली, मग भीती. सुपारी परत घ्यायची? त्या हळू आवाजाच्या मुलीनं एवढं स्पष्ट सांगितलं, आणि तेवढ्यानं ती त्याला आधीपेक्षा किती तरी जास्त हवीशी वाटू लागली. पण आता ती हो म्हणणार होती का? माघात त्यानं तिच्यात काहीच पाहिलं नव्हतं. स्वतःच्याच शब्दाला तो बघून आला होता.

उजाडताच तो भीमा कासाराकडे गेला. भीमानं सगळं ऐकून घेतलं. "मास्तर, बांगडी मनगटात ऱ्हाती, पर जाती हातातून," तो म्हणाला. "माप हाताचं घ्यायचं. अंगठा आत मुडपायचा आन् रुंद असंल तिथनं दोरा फिरवायचा. गच्च न्हाई धरायचा." आणि त्यानं स्वतःच्या पेटीतला पांढरा दोरा तोडून दिला.

लग्नाआधी नवऱ्या मुलानं नवरीला भेटणं त्या मुलखात रीतीला धरून नव्हतंच. शिवाय तो गेला तो सरळ तिच्या कामावर. डोंगराच्या कडेला रस्त्याचं काम चाललं होतं. उन्हात बायकांच्या रांगा बसलेल्या, हातोड्यांचा आवाज सगळीकडून येत होता. जेवणाची सुट्टी झाली होती. बनुबाईनं त्याला लांबूनच ओळखलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "आगं बया, मास्तर!"

चांगुणा खडीच्या ढिगाशी बसली होती. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले, अंगावर पांढरी धूळ, मांडीवर पळसाच्या पानात कामावर वाटलेली सुकडी. तिनं आज हात लपवले नाहीत. मुद्दामच नाही लपवले.

बनुबाई चार हातांवर पाठ करून बसली. पाठ केली म्हणजे ऐकू येत नाही, असं दाखवायची ती पद्धत.

रंगनाथला तिला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', तेच कळेना, म्हणून तो दोन्ही टाळत बोलू लागला. "चूक झाली माझी. बांगड्यांची."

"बांगड्यांचं काय," ती म्हणाली. "त्या बदलून मिळत्यात."

"नावाचीही."

तिनं ट्यूबचे तुकडे एकेक करून सोडले. मग म्हणाली, "आमच्या आजीचं नाव हाय ते. ती गेली आन् सालभरात मी झाले. दादा मला कधी नावानं हाक मारत न्हाईत. आये म्हनत्यात. सकाळी कामावर निघाले तरी, आये, सांभाळून जा म्हनत्यात." तिनं मान खाली घातली. "मी नाजुका झाले, तर दादांनी आये कुनाला म्हनायचं वो?"

रंगनाथला ते धोतराचा सोगा सावरणारे, कमी बोलणारे सहादेव आठवले. एका मिनिटात, बसल्या एसटीत, त्या माणसाची आई आपण परत एकदा हिरावून घेणार होतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

"नाही बदलायचं," तो म्हणाला. "मी शब्द देतो."

"कुठला?" तिनं मान वर केली. डोळ्यांत ओल होती, पण ओठाच्या कडेला काही तरी खट्याळ होतं. "त्योच? पोरं तुमाला त्याच शब्दानं हाक मारत्यात म्हनं. आमच्या गावापतूर आलंय. म्हंजी काय वो त्याचा अर्थ?"

मग त्या खडीच्या ढिगावर रंगनाथनं आयुष्यातला पहिला खरा तास घेतला. सरांनी सांगितलं तसंच सांगितलं: आधी मान होता, कदर होती, मग ताटातला घास झाला, मग नाजूक शोभेची वस्तू झाली. बनुबाईच्या पाठीलाही कान फुटले होते. चांगुणा मन लावून ऐकत होती. सातवीपर्यंत शिकलेली होती ती, पुढची शाळा लांब म्हणून घरी बसलेली.

"मान ते बाहुली," ती म्हणाली. "लईच घसरला की बिचारा. त्याला कुनी माघारी न्हेलंच न्हाई?"

"शब्द मागं जात नाहीत."

"मानसं?"

त्यानं खिशातला दोरा काढला. "भीमा कासारानं सांगितलंय," तो म्हणाला, आणि त्याला एकदम लाज वाटली. "माप घेऊ का? बनुबाई आहेत इथं."

चांगुणानं आजूबाजूला पाहिलं. बायका बघत होत्या, अगदी टक लावून बघत होत्या. तिनं उजवा हात पुढं केला आणि अंगठा तळव्यात मुडपला. रंगनाथनं दोरा तिच्या सांध्यांवरून फिरवला. हात तापलेला होता, खरखरीत होता, जुन्या फोडांच्या जागा पिवळ्या पडल्या होत्या. तो अतिशय हळू दोरा फिरवत होता, कारण त्याला ते लवकर संपायला नको होतं. मग त्यानं गाठ मारली.

"गच्च न्हाई ना झाला?" त्यानं विचारलं. घाईत तो तिच्यासारखाच बोलला.

"न्हाई," ती म्हणाली. मग पळसाच्या पानातली सुकडी तिनं त्याच्यापुढं सरकवली. "घ्या. ताटातला घास न्हाई, पर सरकारी हाय."

रंगनाथनं ती सगळ्यांदेखत खाल्ली. बनुबाई पाठमोरीच म्हणाली, "झालं! आता काय मोडत न्हाई ही सोयरीक." आणि रांगेतल्या बायका खदखदून हसल्या.

लग्न वैशाखातल्या टळटळीत दुपारी झालं. पाणी टँकरनं आणलेलं, जेवण बेताचं, अक्षता ज्वारीच्या. हिरव्या बांगड्या भीमा कासारानं स्वतः भरल्या, साध्या, बिननक्षीच्या, दोऱ्याच्या मापाच्या. मनगटावर त्या थोड्या सैल पडत होत्या आणि तिनं हात हलवला की वाजत होत्या. पाठवणीच्या वेळी एसटीच्या दाराशी सहादेव फक्त एवढंच म्हणाले, "आये, जपून ऱ्हा." रंगनाथ शेजारीच उभा होता. त्यानं खाली बघितलं.

घरी माप ओलांडून झालं, आणि बायकांनी परातीचा धोशा लावला. तांदूळ कुठून आणायचे? लंकाबाईनं शेवटी रेशनचा मिलो परातीत ओतला. तांब्याच्या परातीत लाल दाणे. आक्कानं हलक्या हातानं ते सारखे केले. सगळी आळी गोळा झाली होती. दारात शाळेतली पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत होती. पाठराखीण म्हणून आलेली बनुबाई चांगुणाच्या मागं बसली होती आणि तिचा चेहरा पार उतरला होता. मास्तरनं शब्द दिलाय हे खरं, पण आपल्या घरी, आपल्या आईसमोर पुरुष काय करील सांगता येतं थोडंच!

रंगनाथनं अंगठी काढली. दाण्यांवर टेकवली. अक्षरं उमटली तसतसा खालचा तांब्याचा तळ चमकू लागला.

"काय लिव्हलं गं? वाच की!" लंकाबाई म्हणाली.

आक्का वाकली. अक्षर अक्षर लावून वाचलं, मग परत वाचलं. "चांगुणा," ती म्हणाली, आणि भावाकडे अशा नजरेनं बघितलं की चौथीत सुटलेल्या शाळेचं सगळं फिटलं असावं.

"आगं, ह्ये तर जुनंच!" बायकांत कालवा झाला. लंकाबाईच्या कपाळाला आठी पडली. "आन् नवं? नवं नाव काय झालं?"

"आई, लई शोधलं," रंगनाथ म्हणाला. "ह्याच्यापेक्षा चांगलं नाही सापडलं."

बनुबाईनं पदर डोळ्यांना लावला. "उद्या सांगते दादान्ला," ती पुटपुटली. "पयलं ह्येच सांगते."

लंकाबाई मात्र घुश्शातच होती. परात मांडायची आणि नवं नाव निघायचं नाही, हे तिला अशुभ वाटत होतं. "एक तरी नवं नाव लिव्हाय पायजे बाई. रीत हाय ती."

"मग नवरीनं लिव्हावं!" कुणी तरी मागून ओरडलं. "नाव घे गं, चांगुणे! उखाणा घे!"

"घे, घे!"

चांगुणा मान खाली घालून बसली होती. तिनं उखाणा घेतला नाही. हात पदराबाहेर काढला, तोच सांधे सुजलेला, खडीनं खरखरीत झालेला हात, आणि सगळ्यांसमोर अंगठीसाठी पुढं केला. रंगनाथनं अंगठी तळव्यावर ठेवली. तिनं परातीतलं आपलं नाव मोडलं नाही. त्याच्या खाली जागा होती, तिथं सावकाश, सातवीतल्या गोल वळणदार अक्षरांत तिनं लिहिलं. बांगड्या परातीच्या काठाला लागून वाजत होत्या.

आक्कानं वाचायच्या आतच दारातल्या पोरांनी वाचलं. "डेंटी! डेंटी!" एकच गिल्ला झाला. बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. आठी घातलेली लंकाबाईही तोंडाला पदर लावून हलू लागली. "घ्या, नवऱ्याचंच नाव बदललं पोरीनं!"

रंगनाथ कानापर्यंत लाल झाला. इतकी वर्षं तो शब्द त्यानं कपाला, करडाला, सह्यांना वाटला होता. त्याला कुणी दिला नव्हता. नुसती चेष्टा म्हणून मारलेल्या हाका सोडून, आज पहिल्यांदा तो त्याच्या वाट्याला आला होता, आणि ती चेष्टा आहे की दुसरं काही, हे त्याला कळत नव्हतं. त्यानं तिच्याकडे बघितलं.

त्या गोंधळात फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, परातीवरची नजर न काढता, ती म्हणाली, "पयला अर्थ धरा."